मशीन कुठे अडलं, ते आधी बघा

गणपतीला पंधरा दिवस राहिले की कोकणात घराघरांतून चादरी, अभ्रे, पडदे, गोधड्या एकदम धुवायला निघतात. चाकरमानी येणार, घरात माणसं दुप्पट होणार, आणि नेमकं तेव्हाच मागच्या पडवीतलं वॉशिंग मशीन पाणी घेऊन गप्प बसतं. मेकॅनिकला फोन लावावा तर तो कुडाळला नाहीतर सावंतवाडीला, त्याच्या हातात आधीचीच कामं, आणि फोनवरच त्याचं निदान तयार: "बोर्ड गेलो असतलो."

बोर्ड म्हणजे मशीनला हुकूम देणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट. ते बदलायचं तर खर्च हजारांत जातो. कधी बोर्ड खरोखरच गेलेला असतो. पण त्याआधी तपासायच्या कितीतरी गोष्टी फुकटात किंवा काही शे रुपयांत निस्तरतात, आणि आपल्याकडे त्यातल्या बहुतेकांचं मूळ पाणी, गाळ, गंज किंवा व्होल्टेज यांत असतं.

वरून कपडे टाकायचं ऑटोमॅटिक मशीन ठरलेल्या क्रमाने पाच कामं करतं. पाणी घेतं, घेतलेलं पाणी मोजतं, कपडे घोळवतं, पाणी सोडतं आणि पिळतं. हातातलं काम झाल्याची खूण मिळेपर्यंत ते पुढच्या कामाला लागत नाही. त्यामुळे नुसतं "मशीन बिघडलं" म्हणून काहीच कळत नाही. कोणत्या कामावर अडलं ते बघितलं की संशयित दोन-तीनच उरतात.

पत्र्याच्या पेटीत असतं काय?

झाकण उघडल्यावर दिसतो तो भोकाभोकांचा स्टीलचा ड्रम. त्याच्याभोवती प्लास्टिकची बंद टाकी असते. ती दिसत नाही, पण पाणी तिच्यातच साठतं. ड्रमच्या तळाशी गोल फिरकी असते, तिला पल्सेटर म्हणतात. हा सगळा डोलारा पेटीच्या चार कोपऱ्यांतून चार सळ्यांवर टांगलेला असतो. टाकीखाली मोटर, पट्टा आणि क्लच. धुताना फक्त फिरकी फिरवायची आणि पिळताना ड्रमही सोबत फिरवायचा, ही अदलाबदल क्लच करतो. मागे वरच्या बाजूला पाण्याचा व्हॉल्व्ह, पॅनेलखाली पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर, झाकणाजवळ एक छोटा स्विच. बाकी वायरी.

मशीनला छोटी स्क्रीन असेल तर अडल्यावर तिच्यावर कोड येतो. एलजीच्या मशीनवर ‘आयई’ म्हणजे पाणी येत नाही, ‘ओई’ म्हणजे पाणी जात नाही, ‘यूई’ म्हणजे तोल जातोय, ‘डीई’ म्हणजे झाकण उघडं आहे. सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेलांवर पाणी न आल्यास ‘४ई’ किंवा ‘४सी’ आणि निचरा न झाल्यास ‘५ई’ किंवा ‘५सी’ येतो. कोणतं काम पुरं झालं नाही, एवढंच कोड सांगतो. का झालं नाही ते त्यालाही ठाऊक नसतं. बाहेरच्या नळीवर कुणी कुंडी ठेवली तरी ‘ओई’च येणार.

हात घालण्याआधी

प्लग काढा. स्विच बंद केला म्हणजे झालं असं समजू नका. जुन्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले सापडतात, आणि मग स्विच बंद असला तरी आत वीज असते. शिवाय मोटरजवळचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा डबा, प्लग काढल्यावरही भरलेला असू शकतो. होल्डरमध्ये जुना पिवळा बल्ब लावून त्याच्या दोन वायरी कपॅसिटरच्या दोन टोकांना टेकवल्या की तो रिकामा होतो. बोट लावून बघायचं नाही, हे सांगायला नको.

आणि पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर बाकी दुरुस्ती बाजूला ठेवा. जांभ्याच्या कातळावर घर असेल तर उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा पडतो, मग तिसरी पिन असून नसल्यासारखी. खड्ड्यात पाणी घाला आणि वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या. ३० मिलिअँपिअरची गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी मीटरजवळ नसेल, तर पहिला खर्च त्याच्यावर करा. ओली फरशी, अनवाणी पाय आणि खाऱ्या हवेत गंजलेला पत्रा एकत्र असतील तिथे मशीनपेक्षा माणूस महाग.

मशीन चालू आहे, पण पाणीच घेत नाही

कोकणात सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार ही, आणि बहुतेक वेळा दोष मशीनचा नसतोच.

व्हॉल्व्हमधली विजेची कॉइल पाण्याची वाट थेट उघडत नाही. ती फक्त सुईएवढं छिद्र मोकळं करते. तेवढ्याने आतल्या रबरी पडद्यावरचा दाब कमी होतो आणि खालून येणारं पाणी स्वतःच्या जोराने पडदा उचलतं. म्हणजे व्हॉल्व्ह उघडायचं काम खरं पाणीच करतं. पाण्याला जोर नसेल तर कॉइल बिचारी गुणगुणत राहते आणि पडदा जागचा हलत नाही, किंवा पाणी करंगळीएवढ्या धारेने येतं. ठरलेल्या वेळात पातळी आली नाही की मशीन कोड दाखवून थांबतं.

जोर किती हवा? बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत किमान दाब ०.०३ मेगापास्कल, म्हणजे ०.३ बार दिलेला असतो. दहा मीटर उंचीचं पाणी साधारण एक बार दाब देतं, त्या हिशोबाने व्हॉल्व्हपासून टाकीतल्या पाण्यापर्यंत तीन मीटर, दहा फूट तरी उभी उंची लागते. आता मागचं दार उघडून बघा. चिऱ्यांच्या चौथऱ्यावर ठेवलेल्या टाकीतलं पाणी जमिनीपासून सात-आठ फुटांवर, आणि मशीनचा व्हॉल्व्ह स्वतःच तीन फुटांवर. हातात उरते चार-पाच फूट. विहिरीवरचा पंप चालू असताना थेट लाइनवर मशीन झकास चालतं आणि टाकीवर अडतं, याचं कोडं इथे सुटतं. टाकी उंच करा, नाहीतर मशीनच्या आधी छोटा प्रेशर पंप बसवा. बदली व्हॉल्व्ह घेताना कमी दाबावर चालणारा मिळतो का तेही विचारा.

दुसरा संशयित गाळ. नळ बंद करून मशीनमागची पाण्याची नळी सोडवा. व्हॉल्व्हच्या तोंडात बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची जाळी बसवलेली असते, मध्ये धरायला छोटा दांडा. नाकाच्या पक्कडीने सरळ ओढली की ती बाहेर येते. पहिल्या पावसानंतर ही जाळी बघण्यासारखी असते: तांबड्या मातीचा गुळगुळीत थर, त्यात शेवाळाचे धागे, मधूनच पीव्हीसी पाइप कापताना राहिलेला पांढरा कीस. जुन्या टूथब्रशने घासून, उलट बाजूने पाणी मारून परत बसवा. जाळी काढून टाकायचा मोह होतो, कारण पाणी लगेच जोरात येतं. पण मग तोच गाळ रबरी पडद्याखाली जाऊन बसतो आणि पुढचं दुखणं सुरू होतं.

गरम आणि गार अशा दोन तोंडांचं मशीन असेल आणि गरमची नळी जोडलेलीच नसेल, तर कुणी चुकून ‘हॉट’चं बटण दाबलंय का तेही बघा. असं घडतं.

एक सोपी परीक्षा सांगतो. मशीन चालू करून वरून बादलीने ड्रममध्ये पाणी ओता. पातळी आल्यावर फिरकी फिरायला लागली, तर मोटर, सेन्सर आणि बोर्ड बहुतेक ठीक आहेत, भांडण फक्त व्हॉल्व्हपर्यंतच्या वाटेत आहे. नळीत जोर आहे, जाळी साफ आहे, तरी व्हॉल्व्ह मुका असेल तर प्लग काढून कॉइलच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावा. साधारण ३ ते ५ किलोओहम आलं तर कॉइल जिवंत आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर व्हॉल्व्ह बदला. दोन स्क्रू आणि एका क्लिपचं काम आहे. आणि मेकॅनिक येईपर्यंत धुणं अडलं असेल तर बादलीची युक्ती चालवा, फक्त खळबळायच्या वेळी पुन्हा ओतायला मशीनजवळ थांबावं लागेल.

पाणी भरतच राहतं

इथे आधी प्लग काढा आणि ऐका. वीज नसतानाही पाण्याची धार चालू राहिली तर व्हॉल्व्हच्या पडद्याखाली खडा अडकलाय. प्लग काढताच धार थांबली तर व्हॉल्व्ह निर्दोष, मशीनला पाणी मोजता येत नाहीये.

मोजतं कसं? तांब्या उपडा करून पाण्याने भरलेल्या बादलीत दाबून बघा. आतली हवा अडकते आणि जितका खोल दाबाल तितकी हाताला वर ढकलते. टाकीच्या तळाजवळ अशीच हवा अडकणारी छोटी जागा असते, आणि तिथून एक बारीक नळी वर सेन्सरपर्यंत जाते. पाणी चढलं की नळीतली हवा दाबली जाते आणि सेन्सर त्यावरून पातळी ओळखतो. दाब अगदी नाजूक असतो, ३० सेंटिमीटर पाण्याला वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम तीन टक्के. म्हणून नळीला टाचणीएवढं भोक पडलं तरी हवा निसटते आणि टाकी भरून वाहिली तरी मशीनच्या लेखी ती रिकामीच.

नळी सेन्सरवरून निसटली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, खालच्या तोंडाशी साबणाचा लिबलिबीत साका बसला आहे का, हे तपासा. टोक सैल झालं असेल तर अर्धा इंच कापून पुन्हा घट्ट बसवा. साका असेल तर नळी सेन्सरपासून सोडवून तिच्यातून खाली कोमट पाणी सोडा. सेन्सरमध्ये मात्र पाणी जाऊ देऊ नका आणि जोराने फुंकूही नका. एवढ्याने भागलं नाही तरच सेन्सर बदलायचा विचार.

नुसता हुं-हुं आवाज, फिरत काहीच नाही

मोटरला वीज मिळतेय पण उठता येत नाही. पहिला प्रश्न, संध्याकाळीच होतं का? गावाच्या टोकाला, लाइनच्या शेवटच्या खांबावर घर असेल तर सात-आठच्या सुमाराला व्होल्टेज २३० वरून १८० वर घसरलेलं सापडतं. साध्या इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे १८० व्होल्टला तो साठेक टक्केच उरतो. तेवढ्यात ओल्या चादरींचा गोळा हलत नाही. सकाळी तेच मशीन मजेत चालतं आणि घरात सगळे बुचकळ्यात. असं होत असेल तर धुणं सकाळी लावा किंवा स्टॅबिलायझर घ्या.

सकाळीही तेच होत असेल तर कपॅसिटर बघा. प्लग काढा, कपॅसिटर बल्बने रिकामा करा. डबा फुगलेला, चिरलेला किंवा तेलकट असेल तर निकाल लागला. अंगावर मायक्रोफॅरड आणि व्होल्ट छापलेले असतात. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्ट तेवढे किंवा जास्त. दुकानदाराने "चलता है" म्हणून दुसऱ्या आकड्याचा हातात ठेवला तर घेऊ नका. डबा वरून धडधाकट दिसला तरी आत गेलेला असू शकतो. कपॅसिटर मोजणारा मल्टिमीटर असेल तर मोजा, नाहीतर नवा लावून बघणं परवडतं.

मोटर फिरतेय पण फिरकी नाही, तर पट्टा सैल किंवा तुटलेला. फिरकी हातानेही हलत नसेल तर तिच्याखाली काहीतरी अडकलंय. मधला स्क्रू काढा, भोकांतून दोन बाजूंनी नायलॉनची दोरी ओवा आणि सरळ वर खेचा. खाली एक रुपयाची नाणी, हेअरपिना, शर्टाची बटणं आणि चिखलाची चिकट वडी असा ऐवज निघतो.

इन्व्हर्टर मोटरच्या नव्या मशीनला हा कपॅसिटर नसतो, आणि मोटर थेट टाकीला जोडलेली असेल तर पट्टाही नसतो. त्यांच्या मोटरचं दुखणं घरी सुटणारं नाही.

पाणी सोडत नाही

माझ्या मते या बिघाडाचं मूळ निम्म्या घरांत माडाच्या आळ्यात असतं. धुण्याचं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून नळीला नळी जोडून ती न्हाणीतून, उंबऱ्यावरून, परसातल्या माडापर्यंत नेलेली असते. पण आपल्याकडच्या अनेक टॉप लोड मशीनना पाणी बाहेर फेकणारा पंपच नसतो. तळाचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी आपल्या वजनाने वाहून जातं. नळी वाटेत उंबऱ्यावर चढली किंवा वीस-पंचवीस फूट लांबली की प्रवाह मंदावतो, शेवटचं पाणी नळीतच राहतं आणि मशीन ‘ओई’ दाखवतं. जोडलेली नळी काढून मशीनची मूळ नळी जमिनीलगत सोडून बघा. व्यवस्थित चाललं तर खर्च शून्य. माडाला पाणी द्यायचंच असेल तर ते आधी बादलीत किंवा उताराच्या नाल्यात सोडा.

नळी मोकळी असूनही पाणी अडलं तर तळाच्या व्हॉल्व्हमध्ये पायमोजा, रुमाल, दोऱ्यांचा बोळा सापडतो. हा व्हॉल्व्ह ओढणारी छोटी मोटर वेगळी असते आणि बऱ्याच मॉडेलांत तीच क्लचलाही ओढते. म्हणून ती गेली की पाणीही जात नाही आणि पिळणंही होत नाही. दोन्ही तक्रारी एकत्र आल्या तर तिच्याकडे आधी बघा.

पिळताना मशीन नाचतं

ड्रम मिनिटाला सुमारे ७०० फेरे घेतो. त्या वेगाला कडेला चिकटलेला एक किलोचा ओला टॉवेल बाहेरच्या बाजूला शंभर-सव्वाशे किलोच्या वजनासारखा ओढतो. कपडे सगळीकडे सारखे पसरले असतील तर हे ओढणं एकमेकांत फिटतं. एकटी गोधडी टाकली तर फिटायला समोर काहीच नसतं, मशीन थाडथाड आपटतं आणि ‘यूई’ दाखवून थांबतं. जड कपडा एकटा पिळू नका, त्याच्यासमोर तेवढ्याच वजनाचं काहीतरी टाका. चारही पाय जमिनीला टेकलेत का बघा. शेणाने सारवलेल्या किंवा उखडलेल्या जमिनीवर मशीन ठेवलं असेल तर खाली सपाट लादी हवी.

तरीही नाचत असेल तर त्या चार सळ्या. रिकामा ड्रम हाताने खाली दाबून सोडा. एक-दोनदा हलून तो थांबला पाहिजे. डोलतच राहिला किंवा एका कोपऱ्याकडे कललेला दिसला तर सळीची स्प्रिंग मेली आहे. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर मशीन असेल तर हा भाग इतर ठिकाणांपेक्षा लवकर गंजतो. सळ्या बदलायच्या तर चारही एकदम बदला, एकच नवी लावली तर तोल पुन्हा बिघडतो. हे काम दोन माणसांचं. एकाने टाकी उचलून धरायची, दुसऱ्याने सळी खाचेतून सोडवायची.

मग बोर्ड कधी जातो?

जातो, आणि कोकणात जायला कारणंही भरपूर आहेत. वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज कडाडते तेव्हा प्लग तसाच राहिलेला असतो. पॅनेलच्या उबेला पाल जाऊन बसते आणि दोन टोकांमध्ये भाजून निघते. मुंग्या रिलेत शिरतात. पण बोर्डावर शिक्का मारण्याआधी त्याला लागलेले प्लास्टिकचे कनेक्टर एकेक काढून बघा. खाऱ्या दमट हवेत तांब्यावर हिरवट बुरशीसारखा गंज चढतो आणि वीज पुढे जात नाही. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून, सुकू देऊन कनेक्टर दोन-तीनदा काढघाल केला की कित्येक ‘मेलेले’ बोर्ड बोलायला लागतात. झाकणाचा स्विचही बघा. तो गंजला तर मशीन बाकी सगळं करतं आणि पिळायच्या वेळी नेमकं थांबतं.

बोर्डावर पारदर्शक रबरासारखा थर ओतलेला असतो तो दमटपणापासून बचावासाठी. त्याच थरामुळे आतला सुटा भाग घरी बदलणं अवघड होतं. तिथे आपण थांबायचं. टाकीखालच्या बेअरिंगमधून पाणी गळणं आणि गिअरबॉक्सची करकर, या दोन गोष्टींनाही घरी हात लावू नका. ड्रम काढायचा नट गंजून इतका घट्ट बसतो की सोडवताना दुसरंच काही मोडतं. मशीन तळातून मोकळं असेल तर उंदीर-घुशींसाठी खाली जाळी मात्र लावून घ्या.

आमचं सेमी आहे, त्याचं काय?

दोन टाक्यांच्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बोर्ड नसतो, चावीचे टायमर असतात, त्यामुळे काम सोपं. ड्रायर फिरत नसेल तर झाकण उघडल्यावर ब्रेक लावणारी तार अडकली आहे का बघा. झाकण बंद केलं की तिने ब्रेक सोडला पाहिजे. ड्रायर सुटा हाताने फिरतो पण मोटर नुसती गुणगुणते, तर पुन्हा कपॅसिटर. पाणी सोडायचं बटण फिरवूनही निचरा होत नसेल तर आतली दोरी तुटलेली असते.

एवढं करण्यापेक्षा नवीनच घेतलेलं बरं नाही का?

वॉरंटी चालू असेल तर काहीच खोलू नका. बाहेरची जाळी, नळी, टाकीची उंची आणि व्होल्टेज एवढंच तपासा आणि कंपनीला बोलवा. वॉरंटी संपली असेल तर हिशोब सोपा आहे. व्हॉल्व्ह, कपॅसिटर, पट्टा, निचऱ्याची मोटर, सळ्या यांतलं काहीही गेलं असेल तर दुरुस्त करा. बेअरिंग आणि गिअरबॉक्स दोन्ही गेले, वर पेटीचा तळ गंजून पापुद्रे सुटत असतील, तर पैसे नव्यासाठी ठेवा.

सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी म्हणून केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात घरगुती उपकरणंही येतात. भाग द्यायला टाळाटाळ होत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आणि मेकॅनिकला बोलवायचंच झालं, तर फोनवर "मशीन बंद पडलं" एवढंच सांगू नका. मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर, स्क्रीनवरचा कोड, पाचांपैकी कोणत्या कामावर अडलं ते, आणि बादलीने पाणी ओतल्यावर काय झालं ते सांगा. स्टिकरचा आणि कपॅसिटरचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा. कुडाळहून निघताना त्याने योग्य व्हॉल्व्ह पिशवीत टाकला, तर त्याची दुसरी खेप वाचते आणि तुमचं दुसऱ्या खेपेचं भाडं.